दोन्ही यंत्रं धड असताना

"ताई, हे मशीन आमच्या कॉम्प्युटरले चालते काय?" धामणगाव बढ्यातल्या माझ्या सेवा केंद्रात कुणी जुना स्कॅनर घेऊन आलं की हेच विचारतं. मी आधी मशीन उलटं करून तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर वाचते, मग कॉम्प्युटरची विंडोज बघते. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर पुष्कळदा ३२ बिटचा असतो आणि विंडोज ११ नुसती ६४ बिटची. केबल बसते, स्कॅनरचा दिवा लागतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं आणि सातबारा काचेवर तसाच पडून राहतो. गिऱ्हाईक म्हणतं, मशीन खराब आहे. मशीन खराब नसतं, कॉम्प्युटरही नसतो; मधली जोडणी, म्हणजे ड्रायव्हर, जुळत नाही. कधी कंपनीच्या साइटवर ६४ बिटचा ड्रायव्हर सापडतो. नाही सापडला तर लिनक्सवर सेन नावाची मोफत व्यवस्था पुष्कळ जुनी मशीनं ओळखते.

आमचं घर महानुभाव पंथाचं. ज्ञान ज्याला त्याला द्यावं की अधिकार पाहूनच द्यावं, हा वाद मी लहानपणापासून ऐकत आले. अधिकार लागतो, हे मला मान्य आहे. पण तो घेणाऱ्यात जन्मतः असतो किंवा नसतो, हे मान्य नाही. शिकवणाऱ्यानं ड्रायव्हरसारखी मधली जोडणी केलीच नाही आणि न समजणाऱ्याला अपात्र ठरवलं, असं आपल्याकडे शतकानुशतकं झालं. बायांच्या बाबतीत तर सर्रास.

ही जोडणी सांगणाऱ्यानं करायची असते, हे आमच्या पंथाचे आचार्य नागदेव यांनी ओळखलं होतं. केशिराज व्यास संस्कृतचे मोठे पंडित; ते संस्कृतात लिहिण्याकडे वळले, तेव्हा आचार्यांनी त्यांना अडवलं. चक्रधर स्वामींनी आपल्याला मराठीत सांगितलं, संस्कृतात लिहिलंत तर साध्या बायाबापड्या मुकतील, असं त्यांचं म्हणणं. म्हाताऱ्या बाईनं आधी व्याकरण शिकून यावं, असं त्यांनी म्हटलं नाही. भाषा बदलायची ती सांगणाऱ्यानं.

पुढे आमच्याच पंथानं पोथ्या सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. पोथ्या परक्यांच्या हाती पडतील, ही त्या काळाची भीती मला समजते. तरी अक्षरांची किल्ली मूठभरांच्या हाती राहिली आणि बाहेरच्यांना ते मराठी वाङ्मय कित्येक शतकं वाचता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. विसाव्या शतकात राजवाडे, भावे या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा पुढे आणला. नंतर वि. भि. कोलते यांनी आयुष्य या पोथ्यांना दिलं. ते आमच्या शेजारच्या मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. त्यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ साली छापून आलं.

सध्या एका घरची सकळ लिपीतली पोथी माझ्याकडे आहे. पानं ठिसूळ, म्हणून फीडरमध्ये घालत नाही. सपाट काचेवर एकेक पान हातानं ठेवते, झाकण दाबत नाही, ६०० डीपीआयवर घेते. चित्र स्वच्छ येतं. त्या घरच्या सुनेला ती वाचायची आहे, तेव्हा फाइलच्या पहिल्या पानावर मी सकळ आणि बाळबोध अक्षरांचा तक्ता जोडते आहे.