शब्दावर घेतलेले चाळीस हजार

बाबा गेल्यावर पंधराव्या दिवशी कपाट आवरताना एक डायरी सापडली. विमा कंपन्या वाटतात तसली, रेक्झिनच्या कव्हरची. मागच्या पानावर एकच ओळ होती : ‘जून २०१६. अंकल, कॅम्प ३. चाळीस हजार. शब्दावर.’

जून २०१६ म्हणजे माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनचा महिना. बाबांची अंबरनाथ एमआयडीसीतली कंपनी तेव्हा चार महिने बंद होती. फी कुठून आली हे मी कधी विचारलं नव्हतं.

दादाला डायरी दाखवली. तो म्हणाला, “कागद आहे का? नाही ना? आणि असता तरी तीन वर्षांची मुदत कधीच संपली.” दादा वाईट माणूस नाही. आजारपणात रात्र रात्र बाबांजवळ तोच बसायचा. पण बदलापूरच्या फ्लॅटची वाटणी त्याने आदल्याच दिवशी काढली होती, आणि तिथे अर्धा वाटा माझा हे त्याने स्वतःहून सांगितलं होतं.

मी घरी थांबले नाही. डोक्यात फार आवाज झाला की मी शिवमंदिरात जाते. अंबरनाथमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा, तो हेच करतो.

तुम्ही गेला नसाल तर सांगते. वालधुनीच्या काठी, जिला आता नदी म्हणायला जीभ कचरते, तिथे काळ्या दगडाचं हे मंदिर उभं आहे. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि आत गेल्यावर वर शिखर नाही, थेट आकाश. दारावरच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडायला अजून सहा वर्षं होती. माझ्या इन्स्टाच्या बायोमध्ये पाच वर्षांपासून याच मंदिराचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘आमचं’.

आमचं कसं? माझे आजोबा साताऱ्याहून आले. हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांचं. राजधानी ठाणे, पदवी महामंडलेश्वर. युरोपातल्या ड्यूक किंवा काउंटसारखीच ही माणसं : वर एक सम्राट, खाली आपला मुलूख, आणि मधल्या मधे घराण्याचा प्रचंड अभिमान. त्यांचं काम चित्तराजाने सुरू केलं असं अभ्यासक मानतात. तो गेला, मग भाऊ नागार्जुन, मग धाकटा मुम्मुणी. मंदिर पूर्ण झालं मुम्मुणीच्या काळात, पण लेखात चित्तराजाचंही नाव आहे. भावाने सुरू केलेलं अर्धं काम पुढे न्यायचं आणि त्याचं नाव पुसायचं नाही, एवढी सभ्यता त्या घरात होती.

नेहमीच होती असं नाही. नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव याचा १०९४चा खारेपाटण ताम्रपट आहे. भाऊबंदकीमुळे आलेल्या वाईट दिवसांत ज्यांनी कोकण लुटला त्यांचा आपण निकाल लावला, असं त्यात तो अभिमानाने सांगतो. म्हणजे मंदिराची पिढी संपते न संपते तोच काका-पुतण्यांची घरं वाटणीवरून फाटली होती. आमचा फ्लॅट तर वन बीएचके आहे.

या घराण्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांचा पूर्वज. शिलाहार आपलं मूळ जीमूतवाहनाशी जोडायचे. गरुडाला रोज एक नाग खायला द्यायचा असा करार होता. त्या दिवशी पाळी दुसऱ्याची होती, आणि शिळेवर जाऊन बसला जीमूतवाहन. ‘शिलाहार’ नावाचा अर्थच काही जण त्या शिळेवरून लावतात. कुणी म्हणेल, दंतकथा. असेना. पण पूर्वज निवडायची मुभा असताना या माणसांनी दुसऱ्याचं देणं स्वतःच्या अंगाने फेडणारा माणूस निवडला.

आणि त्यांना आपल्या वारसांचा मात्र बिलकुल भरवसा नव्हता. चित्तराजाने १०२६ साली साष्टीतल्या नौर गावातलं एक शेत दान दिलं, तो ताम्रपट भांडुपला सापडला. त्या काळच्या दानपत्रांचा शेवट ठरलेला असतो : पुढच्या राजांनो, आमचा शब्द पाळा. मोडाल तर साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा व्हाल. वाचता न येणाऱ्यांसाठी गधेगाळ होते, दगडावर गाढवाचं ते ओंगळ चित्र आणि शिवी. मेलेला माणूस जिवंत माणसाला बांधून ठेवण्यासाठी किती खटपट करतो!

इथे मी अडते. मेलेल्यांचा शब्द पवित्र मानायचा तर मग सगळाच मानावा लागेल. त्या दानपत्रांत ज्याची जमीन कसली जायची त्याला कुणी विचारलं नव्हतं. पूर्वजांच्या शब्दानेच कुणाला विहिरीवर येऊ दिलं नाही, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा जीव घेतला. तो शब्द मोडणारेच माझे खरे पूर्वज आहेत असं मी कॉलेजात भाषणात म्हटलं होतं. त्याच कॉलेजात, ज्याची फी ‘शब्दावर’ आली होती.

कायद्यानेही आपल्याला मोकळं केलंय. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, असं हिंदू कायदा मानायचा आणि त्या जोरावर सावकार मुलाच्या मागे लागायचा. २००५च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरतं ते बंद केलं. गंमत अशी की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारं कलमही तेच, सहावं. एका हाताने वाटा दिला, दुसऱ्या हाताने ओझं काढलं. दोन्ही चांगलंच केलं असं मला अजूनही वाटतं.

त्या रात्री फोनवर वाचता वाचता मी धुओडापाशी पोचले. नवव्या शतकातली फ्रान्समधली बाई. नवरा बर्नार्ड, सेप्टिमेनियाचा मोठा सरदार. त्याने थोरला मुलगा विल्यम राजाकडे निष्ठेची हमी म्हणून ठेवलेला, धाकटं बाळ बाप्तिस्मा व्हायच्या आत आईपासून नेलेलं. ही एकटी उझेसला. ८४१ ते ८४३ या काळात तिने सोळा वर्षांच्या विल्यमसाठी एक पुस्तक लिहिलं : देवाशी कसं वागावं, राजाशी कसं, वडिलांशी कसं. ज्या नातेवाइकांची मालमत्ता तुझ्याकडे आली त्यांच्यासाठी प्रार्थना कर, असं ती सांगते आणि नावांची यादी देते. आणि शेवटाकडे एकदम घरगुती होते. तुझ्या वडिलांच्या कामांसाठी मी कर्जं काढली आहेत, ख्रिश्चनांकडून आणि ज्यूंकडूनही. जमतील तेवढी फेडली. मी गेल्यावर काही राहिलं तर देणेकरी शोधून काढ आणि माझ्या मालमत्तेतूनच नाही, तुझ्या कमाईतूनही फेड.

शाप नाही, किडा नाही, गाढव नाही. आई मुलाला विनंती करते. बर्नार्डला ८४४ साली राजाने मारलं, विल्यमला ८५० साली. मुलगा पंचविशीही पाहू शकला नाही. पण ती ओळ वाचून मला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. रक्त बांधत नाही, खाल्लेला घास बांधतो. शिलाहारांचं रक्त माझ्यात नाही, तरी मी त्यांच्या सावलीत बसून ‘आमचं’ म्हणते. मग बाबांच्या चाळीस हजारांवर शिकून ‘माझं काय’ कसं म्हणू?

हे दादाला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “बरोबर. घास तू खाल्लास. फी तुझी होती. मग तू दे.”

माझंच तत्त्व माझ्या अंगावर. आणि मला राग आला, म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हता तर. मला हवं होतं की त्यानेही बाबांचा शब्द आपला मानावा, घास न खाताही. जीमूतवाहनासारखं. पण ते मागून मिळत नाही.

रविवारी उल्हासनगरला गेले. कॅम्प तीनमधलं दुकान, पडद्यांच्या कापडाचं. अंकल ओळखलेच नाहीत आधी. बाबांचं नाव सांगितल्यावर उठून उभे राहिले. मी पाकीट पुढे केलं. त्यात वीस हजार होते, माझ्या फ्लॅटच्या वाट्यासारखेच अर्धे. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

“बेटा, लिहून घेतलंच नव्हतं,” ते म्हणाले. मग त्यांच्या वडिलांचं सांगायला लागले. शिकारपूरचे. तिथल्या पेढ्यांच्या हुंड्या पार बुखारापर्यंत चालायच्या. सत्तेचाळीस साली सगळं सोडून निघाले आणि इथे लष्कराच्या बराकीत येऊन पडले. “लोकांकडून यायचं होतं ते गेलं. पण लोकांचं द्यायचं होतं ना, ते पिताजी मरेपर्यंत बोलून दाखवायचे. नावं पाठ होती. किसको देते? सब उधर.”

मला वाटलं आता पाकीट परत करतील. त्यांनी नोटा काढल्या, थुंकी लावून दोनदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या. मुलाला चहा सांगितला. मग वहीचं कोरं पान उघडून बाबांचं नाव लिहिलं, त्यापुढे वीस हजार जमा.

“और बाकी?” त्यांनी पेन तसंच धरून विचारलं. “भाई के नाम पे लिखूँ, या तुम्हारे?”