रंगाऱ्याचं झाकण

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १३०० सालच्या सुमारास एक रंगारी होता. तो दगडफुलापासून जांभळा रंग करी. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते हे नव्हे. हे त्याचं लांबचं नातलग, समुद्राकाठच्या कड्यांवर वाढणारं. दिसायला राखाडी. हातावर चुरलं तरी जांभळ्याचा मागमूस लागत नसे.

रंगारी ते दळून पिंपात टाकी, वर शिळं मूत्र ओती. मग पाठ फिरवून चुना घाली, माप कुणाला कळू नये म्हणून. त्याचा शागीर्द पिंप रोज काठीने ढवळी. काही आठवड्यांनी रंग उतरे. लोकर त्यात तुरटीशिवायही रंगे.

गिऱ्हाईक वाढलं, तशी रंगाऱ्याची भीतीही वाढली. हा पोरगा सगळं बघतो, उद्या स्वतःचं दुकान मांडेल. त्याने शागिर्दाला घरी पाठवलं. पिंपावर झाकण ठोकलं, फटी मेणाने बुजवल्या, खोलीला कुलूप लावलं.

महिन्याने झाकण काढलं. आत नुसतं मळकट पाणी! त्याने दगडफूल दुप्पट घातलं, झाकण आणखी घट्ट केलं. पुन्हा तेच. शेवटी तो शागिर्दाच्या दारी गेला.

शागीर्द आला. त्याने झाकण काढून बाजूला ठेवलं आणि काठी उचलली.

"मालक, मी आजारी पडलो होतो ना, तेव्हाही रंग असाच अडून बसला होता. ढवळल्याशिवाय तो येत नाही."

तो रोज ढवळत राहिला. आधी लाली आली, मग जांभळा.

याचं कारण आज सांगता येतं. या दगडफुलातलं लेकॅनोरिक आम्ल आणि एरिथ्रिन, दोन्ही बिनरंगी. पिंपात मुरताना त्यांच्यापासून ऑर्सिनॉल होतं, तेही बिनरंगीच. त्याला मूत्रातला अमोनिया आणि हवेतला प्राणवायू, दोन्ही मिळाले तरच जांभळं ऑर्सीन तयार होतं. झाकणाने हवा अडली होती.

रंगाऱ्याला हे रसायन ठाऊक नव्हतं. पण पिंप त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

"कोंडला तर रंग येत नाही," तो म्हणाला. "विद्याही कोंडली तर वाया जाते."

शागीर्द जरा घुटमळला. "मालक, मग चुना किती घालायचा?"

रंगाऱ्याने चुन्याचं मडकं दोघांच्या मध्ये ओढलं आणि माप त्याच्या हातात दिलं.