छज्जा उभं राहायला नसतो

बस खाली. आणि माझं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नकोस.

दहावीला विज्ञान मीच शिकवलंय तुला, तेव्हा चार शब्द सुनावायचा हक्क मला आहे. खिडकी गळते म्हणून भर पावसात ग्रिलचं दार उघडून खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर उतरलास? पायात स्लिपर, हातात सिलिकॉनची गन आणि आतून बायकोनं शर्ट धरलेला! तुझ्या वजनाला तिनं धरलेला शर्ट पुरला असता? तुझ्याबरोबर तीही ओढली गेली असती. चौथा मजला म्हणजे साधारण १२ मीटर. पाय सरकला असता तर दीड सेकंदात, ताशी ५५ किलोमीटरच्या वेगानं जमिनीवर आदळला असतास. गुरुत्वत्वरण ९.८ धरून हेच गणित माझ्या वर्गात फळ्यावर सोडवलं होतंस. ते काय नुसत्या मार्कांसाठी?

छज्जा ऊन-पाऊस अडवायला असतो, माणसानं उभं राहायला नाही. जुन्या इमारतीत पाणी मुरून आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

बरं, एवढा जीव धोक्यात घालून केलंस काय? स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगानं बारीक भोकं असतात. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी त्यातूनच बाहेर जातं. पाणी तिथून आत येतंय असं समजून तू ती सगळी सिलिकॉननं बुजवलीस. आता ट्रॅक भरणार, आतली कड ओलांडणार आणि पाणी थेट दिवाणखान्यात येणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शिवाय सिलिकॉन कुठलं आणलंस? दुकानदारानं दिलं ते स्वस्तातलं. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला ना? तो ॲसेटिक आम्लाचा. सिमेंट आम्लारिधर्मी. आम्ल आणि आम्लारि समोरासमोर आल्यावर काय होतं, हे सातवीतला पोर सांगेल. असं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही आणि धातूलाही खातं. भिंत आणि ॲल्युमिनियम यांच्यामधल्या फटीला न्यूट्रल प्रकारचं लागतं, ते ट्यूबवर लिहिलेलं असतं. आणि तेही कोरड्या, स्वच्छ जागेवर, म्हणजे मे महिन्यात. ओल्या भिंतीवर लावलेलं चिकटत नाही.

मला खरा राग याचा येतो की तुझं सगळं उलटं आहे. हिवाळ्यात शटर सरकेना म्हणून कारागिराला बोलावलंस. त्यानं जुन्या टूथब्रशनं ट्रॅकमधली माती काढली, ओल्या फडक्यानं पुसलं, सिलिकॉनचा स्प्रे मारला आणि पैसे घेऊन गेला. ते काम तुझं होतं. तिथे आळस केलास. आणि जे काम त्याचं, तिथे मात्र दोन पैसे वाचवायला निघालास. अंगमेहनतीचा कंटाळा आणि दुसऱ्याच्या हातातल्या कसबाची किंमत नाही, हे दोन्ही दोष एकाच माणसात! हे शिकवलं नव्हतं मी.

आता नीट ऐक. दोन्ही पाय घरातल्या फरशीवर ठेवून, ग्रिलच्या आत राहून जे होतं ते तुझं. ट्रॅक साफ करणं, भोकं तारेनं मोकळी ठेवणं, कडीचा ढिला स्क्रू आवळणं, आतल्या बाजूचं सुटलेलं रबर परत बसवणं. पावसाळ्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघायचं: बाहेर गेलं तर ठीक, साचलं तर भोकं तुंबली आहेत. सागवानी खिडकी पावसात फुगून अडकली तर लगेच रंधा घेऊन बसायचं नाही. लाकूड वाळल्यावर आपसूक आकसतं, आणि मग तासलेल्या जागी कायमची फट राहते.

शरीर बाहेर काढावं लागेल, शटर चौकटीतून उचलावं लागेल, काच बदलावी लागेल किंवा चौकटच भिंतीत हलत असेल, तर ते काम कारागिराचं. ५ मिलिमीटर जाडीच्या चौरस मीटरभर काचेचं वजन साडेबारा किलो भरतं. हातातून निसटली तर खाली कोण चाललंय हे ती विचारत नाही. तडा गेला असेल तर आतून रुंद चिकटपट्टी लाव, मुलांना लांब ठेव आणि फोन कर. काच टफन्ड असेल तर ती कापताच येत नाही, मापाची नवीच बनवून आणावी लागते. आणि खिडकीच्या वर, छज्ज्याच्या सांध्यात ओल दिसली तर दोष खिडकीत नसतोच. तिथे वॉटरप्रूफिंगवाला लागतो आणि सोसायटीला लेखी कळवावं लागतं.

कारागीर आला की त्यालाही पट्टा आणि दोरी बांधल्याशिवाय बाहेर उतरू द्यायचं नाही. त्यासाठी तो जास्त पैसे मागेल, ते द्यायचे. त्याच्याही घरी माणसं आहेत.

उद्या सकाळी त्याला फोन करायचा आणि बुजवलेली भोकं मोकळी करून घ्यायची. तो काम करत असताना शेजारी उभा राहून बघ आणि समजलं नाही तिथे विचार. ग्रिलच्या दाराला आजच कुलूप लाव. किल्ली आतच, हाताशी अडकवून ठेव, आगीच्या वेळी लागेल. पण छज्ज्यावर उतरायला ते दार पुन्हा उघडलंस, तर माझ्या घरी यायचं नाही.