‘झाली’ म्हणजे नक्की काय झालं?

दिवाळीला वरंधला घरी गेलो. बाबांची जुनी शंभर सीसीची बाईक पावसाळाभर पडवीत उभी होती. चोक ओढला की चालायची, सोडला की बंद. एक व्हिडिओ बघून मी स्लोचा स्क्रू पिळला आणि रेस वाढवली. गाडी बंद पडायची थांबली.

"झाली का रे?" बाबांनी विचारलं.

"झाली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते भोरला निघाले. वरंध घाटाच्या चढणीला, ऐन वळणावर इंजिन गेलं. मागचा टेम्पो वेळेत थांबला म्हणून बरं. बाबा उताराने तशीच गाडी घेऊन घरी आले. ओरडले नाहीत. "तू झाली म्हणालास, म्हणून निघालो," एवढंच.

तेव्हा कुठे मी कार्बोरेटर उघडला. पेट्रोलचा कॉक बंद केला, बाउलचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि आतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घेतलं. तळाशी पाणी वेगळं दिसत होतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते बाउलच्या तळाशी बसतं आणि चढावर, हिसक्याला जेटमध्ये ओढलं जातं. पायलट जेट उजेडाकडे धरला, तर पलीकडचं दिसेना. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोक, जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेलं. चोक हवा अडवतो, मिश्रणात पेट्रोल वाढतं, म्हणून तेवढ्यापुरतं भागत होतं. रेस वाढवून मीही तेच केलं होतं. लक्षण गेलं, कारण आतच राहिलं.

वायरमधल्या तांब्याच्या एका बारीक तारेने जेट साफ केला. टाकी रिकामी करून नवीन पेट्रोल भरलं.

रॉबर्ट पर्सिगच्या 1974 च्या गाजलेल्या पुस्तकामुळे आपली गाडी आपण उघडावी का, यावर खूप बोललं गेलंय. मला छळणारा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. उघडली किंवा नाही उघडली, पण त्या गाडीवर जो बसणार आहे त्याला मी काय सांगतो?

ऑफिसात मी हेच करतो. सर्व्हर अडकला की रीस्टार्ट, चालू झाला की तिकीट बंद. कारण कोण शोधतं? तिथे घाटात कोणी अडकलेलं मला दिसत नाही, एवढाच फरक.

सगळंच समजून घेणं कोणालाच जमणार नाही, हे खरंय. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि नव्या बाइकमध्ये बहुतेक फ्युएल इंजेक्शनच असतं. तिथे पाना घेऊन बसून मला फारसं काही कळणार नाही. पण न कळणं हा गुन्हा नाही. न कळलेलं ‘झाली’ या एका शब्दाखाली झाकणं, हा आहे. कारण तो शब्द ऐकून धोका दुसराच कोणीतरी पत्करतो, आणि त्याला ते माहीतही नसतं.

या वेळी बाबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं, "पाणी होतं, काढलं. जेट तुंबला होता, साफ केला. टाकीत पाणी कुठून येतं ते अजून सापडलं नाही. दोन दिवस घाटात नेऊ नका."

बाबा म्हणाले, "मग असं सांग ना आधी."