जन्माचा गुन्हा



शिवनेरीवर आपण मुलांना घेऊन जातो, शिवजन्मस्थान पाहतो, डबा खातो आणि उतरतो. वरच्या कोळी चौथऱ्यापाशी फार थोडे थांबतात. सतराव्या शतकाच्या मध्यास महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध बंड केले व ते मोडले गेले. 1830 च्या दशकात कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने कोळ्यांमध्ये चालत आलेली हकीगत लिहून ठेवली. म्होरक्या सरनाईकाबरोबर त्याच्या कुळातल्या माणसांचीही मुंडकी तोडून त्यांचा ढीग रचला आणि तिथे चौथरा बांधला, अशी ती हकीगत आहे. बंडखोराला राजा शिक्षा करतो, हे एक वेळ समजते. कुळाचा गुन्हा कोणता? त्या घरात जन्मणे, एवढाच.

इराकमध्ये यझिदी नावाचा छोटा, कुर्दी बोलणारा समाज आहे. मोराच्या रूपातील देवदूताला ते मानतात; त्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना शतकानुशतके सैतानाचे पूजक ठरवले. आपल्यावरील प्रत्येक संहाराला ते ‘फर्मान’ म्हणतात. शब्द आपल्याही ओळखीचा. 3 ऑगस्ट 2014 रोजी सिंजार भागात सुरू झालेले त्यांच्या मोजणीत 74 वे. ‘इस्लामिक स्टेट’ने पुरुषांना गोळ्या घातल्या, स्त्रिया व मुली विकल्या. त्याच उन्हाळ्यात मोसूलमधील आपल्या ख्रिस्ती बांधवांनाही घरे सोडावी लागली.

सुटून आलेल्या स्त्रियांना यझिदी धर्मगुरूंनी सन्मानाने परत घेतले. मोठे धाडस होते ते. मात्र अत्याचारातून जन्मलेल्या मुलांसाठी दार उघडले नाही. 2019 साली त्यांच्या धर्मसभेने तसे स्पष्टच केले. यझिदी होण्यास आई-वडील दोघेही यझिदी लागतात. आणि इराकच्या कायद्यानुसार मुसलमान बापाचे मूल मुसलमान. कित्येक आयांना मूल किंवा माहेर यांतून एक निवडावे लागले. इतके सोसलेल्या समाजाला इथे बसून दोष देण्यास आपली जीभ धजत नाही. पण त्या मुलाचे काय?

शिष्यांनी जन्मांधाकडे पाहून हेच विचारले होते: पाप कोणाचे, याचे की आई-बापांचे? येशूने तो प्रश्नच मान्य केला नाही. आपण मात्र तो रोज विचारतो. मागे आपल्याकडे विहिरीवरची मोटार चोरीला गेली, तेव्हा पंचनामा होण्याआधीच एका वस्तीचे नाव घेतले गेले. मोटार पुढे दुसरीकडेच सापडली. नाव घेणाऱ्यांत आपलेही होते, आणि त्या वस्तीवर जाऊन ‘आमचे चुकले’ असे सांगायला आपल्यापैकी अजून कोणी गेलेले नाही.