परमुलुखांतील कायदा व ख्रिस्ती मनुष्याची विवेकबुद्धि

आमच्या मंडळ्यांतील कित्येक तरुण दुबई, अबुधाबी वगैरे ठिकाणीं मजुरीस गेले आहेत. निघतेवेळीं आई मोठ्या मायेनें पेटींत लोणचें, चटणी आणि खसखशीची पुडी घालून देते. आपल्या घरीं खसखस म्हणजे अनरशास लावावयाची वस्तु. परंतु संयुक्त अरब अमिरातींत तीस अफूच्या झाडाचें बीं म्हणून बंदी आहे. खोकल्याच्या ज्या औषधांत कोडीन असतें, त्यांसही तेथें आगाऊ परवानगी लागते. आईचें मन निर्मळ होतें, हें विमानतळावरील जकातीच्या अधिकाऱ्यास कोठून कळावें?

येथें प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, जो कायदा आपणांस ठाऊकच नव्हता, अथवा जो आपल्या बुद्धीस पटत नाहीं, तो मोडल्यानें दोष लागतो काय? कित्येक बंधु म्हणतात, आमचें अंतःकरण देव जाणतो. हें खरें, तथापि लेवीय पुस्तकांत नकळत घडलेल्या पापाकरितांही अर्पण सांगितलें आहे, तें कां, याचा विचार व्हावा. जाणून घेणें हातीं असतां न जाणणें, ह्यास निर्दोषपण म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं.

याहून बिकट प्रसंग प्रीतीचा आहे. बरोबरचा एखादा मजूर तेथें मरण पावला म्हणजे त्याचें प्रेत गांवीं पाठविण्याकरितां खोलींतील मंडळी लागलीच वर्गणी काढावयास निघते. आपल्या खेड्यांत हें सत्कृत्यच होय. परंतु अमिरातींत 2021 च्या कायद्याप्रमाणें परवाना असलेल्या संस्थेवांचून कोणीं लोकांकडून देणग्या गोळा करणें हा अपराध आहे. हा निर्बंध आम्हांसही प्रथम कठोर वाटला. मग मनांत आलें कीं, परोपकाराच्या नांवानें भोळ्यांस लुबाडणारे सर्व देशांत आहेत. सत्ताधीशानें त्यांस आळा घालूं नये काय? शिवाय मार्ग अगदींच बंद नाहीं. परदेशांत अडलेल्या भारतीयांकरितां आपल्या सरकारनें 2009 सालीं एक कल्याण निधि स्थापिला असून, निराधाराचें प्रेत मायदेशीं आणण्याचा खर्च वकिलातीमार्फत त्यांतून मिळूं शकतो. ज्याची प्रीति खरी आहे, त्यानें वकिलातीची पायरी चढण्याचे श्रम घ्यावेत.

अशा वेळीं दानीएलाचें उदाहरण पुष्कळ जण पुढें करितात. पण दानीएलानें परक्या राजाची चाकरी इतकी चोख केली कीं, वैऱ्यांस त्याच्या देवाच्या नियमशास्त्रावांचून दुसरें निमित्तच सांपडलें नाहीं. आणि प्रसंग आला तेव्हां त्यानें खिडकी उघडी ठेवून प्रार्थना केली व सिंहांच्या गुहेंत जाणें पतकरिलें. सौदी अरबस्तानांत ख्रिस्ती मंदिर नाहीं, उघड उपासनेस मोकळीक नाहीं. तेथें चार भिंतींच्या आंत गुडघे टेकणाऱ्या बंधूनें दानीएलाचें नांव घ्यावें. खसखस लपवून नेणाऱ्यानें घेऊं नये.

उपदेशकांस आमची विनंति आहे कीं, निरोपाची प्रार्थना करण्यापूर्वीं पेटी उघडावयास लावावी, औषधें व डॉक्टरची चिठ्ठी पाहावी, वकिलातीचा पत्ता मुलाच्या वहींत लिहून द्यावा. पुडी आईच्या हातीं परत द्यावी. ती माउली रागावेल, आणि पुडीऐवजीं अनरसे देतें म्हणेल. तेही खसखशीवांचून करावयास सांगावें.