भूतदया

चिकलठाण्यात रविवारी एमआयडीसी जरा दम खाते. जालना रोडवरचे ट्रक काही कमी होत नाहीत, पण आतल्या रस्त्यांवर कंपन्यांच्या गेटसमोरच्या चहाच्या टपऱ्या उशिरा उघडतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी ओळखीच्या एका कामगाराने मला त्यांच्या प्रार्थनासभेला नेलं. पत्र्याचं शेड, खाली सतरंज्या, एक ढोलकी, एक कीबोर्ड आणि जागेच्या मानाने फारच मोठा स्पीकर. गाणी झाली, साक्षी झाल्या आणि मग एका बाईला पुढे आणलं. तिशी-पस्तिशीची असेल. "बाहेरचं हाय तिला," शेजारचा माझ्या कानाशी म्हणाला. पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवरून दरडावायला सुरुवात केली. नीघ, आत्ताच्या आत्ता नीघ. बाई घुमू लागली. तेवढ्यात विमानतळावर विमान उतरलं, डोक्यावरचे पत्रे थरथरले आणि काही क्षण कोण कुणावर ओरडतंय तेच कळेना.

माझी नजर मागे भिंतीशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यावर गेली. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या. बाहेरच्या ढिगात हरवतील म्हणून उचलून आणल्या असाव्यात. तासभर तो त्या धरून उभा होता. त्या तासाभरात भुताला त्याचं नाव सात-आठदा विचारून झालं. बाईला तिचं नाव कुणी विचारलं नाही.

मी ख्रिस्ती घरातला. आजारपणात डॉक्टरही लागतो आणि प्रार्थनाही, अशा घरातला. तेव्हा त्या शेडमधल्या लोकांना हसायला मी बसलेलो नाही. मला खुपलं ते वेगळंच. आमच्या धर्मात ज्याला देवाची दया म्हणतात, ती त्या तासाभरात कुठे उभी होती?

मराठीत एक सुंदर शब्द आहे, भूतदया. आपण तो मुंग्यांना साखर घालण्यापुरता आणि भटक्या कुत्र्याला पोळी टाकण्यापुरता शिल्लक ठेवला आहे. त्यातलं भूत म्हणजे जे झालं, जे जन्माला आलं, ते सगळं. पसायदानात भुतांसाठी मागणं आहे तेव्हा ज्ञानेश्वरांच्या डोळ्यांपुढे हडळ आणि मुंजा नव्हते. तोच शब्द पिंपळावरही जाऊन बसलेला आहे. मराठी बायबलात 'भूतग्रस्त' वाचताना मला नेहमी वाटतं, या माणसावर दया करायची तर ती भूतदयाच. दोन्ही अर्थांनी.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ही गोष्ट आहे. येशू सरोवर ओलांडून गरसेकरांच्या मुलखात उतरतो. तिथे थडग्यांमध्ये राहणारा एक माणूस आहे. त्याला साखळदंडांनी बांधून ठेवायचा प्रयत्न अनेकदा झालेला आहे आणि प्रत्येक वेळी त्याने साखळ्या तोडल्या आहेत. रात्रंदिवस तो ओरडतो, दगडांनी स्वतःला ठेचून घेतो. येशू त्याला नाव विचारतो. उत्तर येतं ते अनेकवचनी: सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत. मग ते आत्मे डुकरांच्या कळपात शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरं कड्यावरून सरोवरात पडून बुडतात. (डुकरांनी काय पाप केलं होतं, हे बर्ट्रंड रसेलने 1927 सालच्या व्याख्यानात विचारलं आणि आमच्या घरातल्या एका आठ वर्षांच्या मुलीनेही. भूतदयेवर लिहायला बसलेल्या माणसाने याचं उत्तर द्यायला हवं खरं. माझ्याकडे ते नाही.)

आमच्या सभांमधली गोष्ट डुकरांपाशी संपते. मार्काची तिथे संपत नाही. गावकरी धावत येतात आणि बघतात तर तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला. आणि मार्क लिहितो, ते घाबरले. तो किंचाळत होता तेव्हा गावाने त्याची सोय लावून टाकली होती: थडग्यांत तो, घरांत आपण. शांत बसलेल्या माणसाचं काय करायचं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते येशूलाच विनवतात की आमच्या हद्दीतून जा. बरा झालेला माणूस म्हणतो, मला सोबत ने. येशू त्याला नेत नाही. घरी जा म्हणतो, आपल्या माणसांत जा, आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली ते त्यांना सांग.

दया हा शब्द या गोष्टीत इथे, अगदी शेवटी येतो. मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे तेच जुन्या उपासनेतल्या 'किरिये एलेइसोन'मध्ये, म्हणजे 'प्रभू, दया कर'मध्ये, आहे. हुकूम येशूनेही दिला होता, नाही असं नाही. पण झाल्या गोष्टीला त्याने नाव दिलं ते पराक्रमाचं नाही, दयेचं. मत्तयाच्या शुभवर्तमानात कनानी बाई लेकीसाठी रडत येते तेव्हा माझ्यावर दया कर म्हणते. फेफऱ्याने विस्तवात आणि पाण्यात पडणाऱ्या मुलाचा बापही गुडघे टेकून तेच मागतो. आईबापांना भुताशी काही देणंघेणं नाही, त्यांना आपलं लेकरू परत हवं आहे. हुकूम भुताला आणि दया माणसावर, अशी ती वाटणी होती. आमच्याकडे हुकूम तेवढा उरला, तोही माइकवरून.

'सैन्य' हे नाव मला सोडत नाही. मूळ शब्द आहे तो रोमन पलटणीचा. अशा पलटणीत पाच-सहा हजार शिपाई असत, आणि दहाव्या पलटणीच्या निशाणावर तर रानडुक्कर होतं. परक्या फौजेखाली चिरडलेल्या मुलखात एका माणसाच्या तोंडून फौज बोलते, याला निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही. मराठीत याच्या जवळ जाणारी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या अगदी सुरुवातीला आहे. 1857च्या धामधुमीत त्यांच्या वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. जे दिसेल ते धुवायचं, पुन्हा धुवायचं. लक्ष्मीबाई हे सगळं अशा मिश्किलीने सांगतात की वाचणारा हसतो आणि फाशी विसरतो. तिथे मांत्रिक नाही, घुमणं नाही, भूत हा शब्दही नको. तरी एका राज्यसत्तेने त्या घरात शिरून पिढीभर मुक्काम केला होता, आणि त्याची किंमत घरातल्या बायकापोरांनी पाणी भरून भरून चुकवली.

आमच्या भागातलं ख्रिस्तीपण जालना रोडनेच आलं असं म्हणायला हरकत नाही. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि 1860च्या दशकात निजामाच्या राज्यात, जालन्यात काम मांडलं. जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती त्यांनी वसवली. तिथे आलेल्यांत मांग समाजातले लोक पुष्कळ होते. आता आठवा पोतराज कुठल्या घरचा असे. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर न्यायचा, गावाची इडापिडा स्वतःच्या अंगावर घ्यायची आणि कोरड्याने ते अंग फोडून काढायचं, हे काम गावाने कुणाकडे दिलं होतं? गरसेकरांनी त्या माणसाला थडग्यांत ठेवलं, आपण शिवेवर ठेवलं. फ्रेंच विचारवंत रेने जिरार यांनी 1982च्या 'बळीचा बकरा' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात गरसेच्या गोष्टीवर एक प्रकरण लिहिलं आहे. गावाला आपला वेडा हवा असतो, त्याच्यावर गावाचं स्वास्थ्य उभं असतं, असा त्यांचा रोख. जिरार यांना पोतराज दाखवायला हवा होता. शुभवर्तमान ज्यांच्यापर्यंत पहिल्यांदा पोचलं त्यांना भूत निघण्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नसणार. तू गावाचा कोरडा नाहीस, तुला घर आहे, तुला नाव आहे, एवढा तो अर्थ.

पण त्याच लोकांच्या नातवंडा-पणतवंडांनी शेजारच्या देवीला भूत म्हणायला सुरुवात केली, हेही लिहायला हवं. गोव्यात ख्रिस्ती माणसाच्या कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. शेजारच्या हिंदू घरात तोच देवचार गावाचा राखणदार. एकाच्या राखणदाराला दुसऱ्याने सैतान ठरवणं फार सोपं असतं आणि त्यात दया कुठेच नसते. येशूने गरसेकरांच्या देवांविषयी चकार शब्द काढलेला नाही.

साखळ्यांकडे येतो. 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यांना बांधणाऱ्यांत त्यांचे शत्रू नव्हते. बहुतेकांना घरच्यांनीच तिथे आणून सोडलं होतं, दमून. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळी घालायला साफ बंदी केली. आपल्याकडचा जादूटोणाविरोधी कायदा त्याआधीचा. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हे सगळं त्याच्या अनुसूचीत अगदी पहिल्याच कलमात आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा देवाधर्माच्या मुळावर उठला आहे असं ओरडणाऱ्यांत काही ख्रिस्ती आवाजही मी ऐकले. त्यांनी तो वाचला नव्हता. घरात, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थना-उपासनांना त्याने हात लावलेला नाही; अट इतकीच की कुणाच्या शरीराला इजा होऊ नये आणि कुणाचा खिसा कापला जाऊ नये. मला तर त्या कोरड्या सरकारी मजकुरात मार्काचा पाचवा अध्याय ऐकू येतो.

आणि कॅथलिक चर्चचा स्वतःचा नियम काय सांगतो? बिशपांची खास परवानगी असल्याशिवाय कुठल्याही धर्मगुरूला भूत काढण्याचा विधी करता येत नाही. 1614पासून चालत आलेला तो विधी रोमने 1999 साली नव्याने लिहिला आणि त्यात बजावलं की हा मनाचा आजार तर नाही ना, हे जाणकार डॉक्टरांना विचारून आधी पाहा. पुढच्याच वर्षी, 2000 साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी पोलंडच्या सिस्टर फॉस्टिना यांना संतपद दिलं आणि ईस्टरनंतरचा रविवार ईश्वरी दयेचा रविवार ठरवला. फॉस्टिनांना दिसलेल्या येशूचं चित्र, छातीतून एक लाल आणि एक पांढरा किरण निघालेलं, आता आमच्या घराघरांत आहे. त्या चित्रातला येशू कुणावर ओरडत नाही. एक हात वर, एक छातीशी, आणि पाऊल किंचित पुढे टाकलेलं. येतो आहे, एवढंच.

पाळकांची बाजूही समजून घ्यायला हवी. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. जालन्याला नवं उभारायचं सरकारने ठरवलं आहे, ते होईल तेव्हा होईल. तोवर माणसं बुलढाण्याकडे, पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्याकडे वळतात. होळीला तिथे नारळांची होळी पेटते आणि अंगावरचे कपडेही त्यात टाकले जातात. पीडा त्यांच्यासोबत जळून जावी, ही आशा. हिंदू जातात, मुसलमान जातात, ख्रिस्तीही जातात. दुःखाला गर्दीत जात विचारत नाहीत. चिकलठाण्यातल्या शेडमध्ये निदान चाबूक नव्हता, मिरची नव्हती. आणि महिनोन्‌महिने कुणी अंगाला हात न लावलेल्या बाईच्या डोक्यावर माणसाचा हात पडला, याची किंमत मी कमी करणार नाही. औषधाला जे करायला सहा आठवडे लागतात ते त्या हाताने होत नसेल, पण औषध घ्यायचं बळ अशाच हातातून येतं. लूक सांगतो त्या अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला येशूने बोलावून घेतलं, तिच्यावर हात ठेवले आणि भरल्या सभास्थानात तिला अब्राहामाची लेक म्हटलं. आधी तिला गाव फक्त वाकलेली म्हणून ओळखत होतं.

त्या रविवारी सभा संपली तेव्हा ती बाई सतरंजीच्या कडेला बसून होती, घामाघूम, पदर सावरत. भूत गेल्याची ग्वाही माइकवरून देऊन झाली होती आणि लोक जेवणाच्या पंगतीकडे वळले होते. नवरा पुढे आला. त्याने चपला तिच्या पायांशी ठेवल्या, उजवी उजवीकडे, डावी डावीकडे, आणि तिला हळूच नावाने हाक मारली. मग मी शहरातला दिसलो म्हणून असेल, माझ्याकडे वळून दबक्या आवाजात सरकारी रुग्णालयाचं विचारलं, "घाटीत याचं बी दाखवता येतं का?"

येतं, मी म्हणालो. सकाळीच जा, केसपेपर काढा, मनोविकार विभाग विचारा. पैसे फार लागत नाहीत.

"पाळकांना सांगू नगा," तो म्हणाला.

मी काही बोलणार तेवढ्यात तिने चपलांत पाय घातले आणि उभी राहिली. सकाळपासून मी तिचा नुसता आरडाओरडाच ऐकला होता. आवाज साधाच होता तिचा, थोडा बसलेला.

"चला घरी," ती म्हणाली. "पोरं एकटीच हायेत."